ऑलिव्हच्या मळ्यातील दोन रात्री



२०२५ च्या पवित्र वर्षात आम्हां उभयतांस रोमच्या यात्रेचा योग लाभला, हे याच सदरात मागे निवेदन केले होते. रोमचे वर्णन तेव्हा झाले. आज लिहावयाचे आहे ते यात्रेच्या शेवटच्या दोन रात्रींविषयी. त्या आम्ही दक्षिण इटलीत, ऑलिव्हच्या मळ्यातील एका जुन्या वाड्यात काढल्या. हा वाडा आता पाहुण्यांचे विश्रामगृह झाला आहे. तेथे जाताना आमच्या मनात घरचा एक प्रश्न होता. तो आधी सांगितला पाहिजे.

खानापूर तालुक्यात आमच्या वडिलांचे घर आहे. आम्ही चौघे भाऊ चार गावी विखुरलो आणि घराला कुलूप लागले. दर पावसाळ्यात कौले सरकतात, वाळवी एखादे वासे खाते, आणि आम्ही एकमेकांस पत्रे लिहितो. शहरातील एका गृहस्थांनी हे घर, पुढचे अंगण आणि मागची भातशेती अशी एकत्र मागितली. तेथे पाहुण्यांसाठी उतरण्याची सोय करावी असा त्यांचा मानस. किंमत बरी होती. यात्रेला निघण्याच्या आदल्या दिवशी धाकट्या भावाचा निरोप आला, "दादा, परत आल्यावर होय की नाही ते एकदा सांगून टाका."

आमची भाची इटलीतील बारी शहरी परिचारिका आहे. तिच्या कानी ही गोष्ट गेली, तेव्हा ती म्हणाली, "मामा, आपल्या घराचे जे व्हायचे आहे, ते येथे पुष्कळ घरांचे आधीच झाले आहे. दोन रात्री राहून स्वतःच पाहा." भाडे किती ते मात्र तिने अखेरपर्यंत सांगितले नाही.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टाचेचा प्रदेश म्हणजे पुलिया. खाली चुनखडीचा खडक, त्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरून जाते. मोठी नदी जवळजवळ नाही. अशा कोरड्या भूमीत जे झाड तग धरते ते ऑलिव्ह, म्हणजे आपल्या पवित्र शास्त्रातील जैतून. ओस्तुनी गावाच्या टेकडीपासून समुद्रापर्यंत पसरलेल्या मैदानात ही झाडे शेकड्यांनी वर्षे उभी आहेत. एकेक बुंधा वडासारखा पिळलेला, मध्ये पोकळ, की आत दोन माणसे बसावीत. आणि वर मात्र रुपेरी हिरवी कोवळी पाने. या पुरातन झाडांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा पुलियाच्या प्रांतिक सरकारने २००७ मध्ये केला.

शेतावरील अशा वाड्याला तेथे 'मास्सेरिया' म्हणतात. आमचा वाडा दुरून एखाद्या गढीसारखा दिसला. उंच पांढऱ्या भिंती, खिडक्या लहान, आणि दरवाजाच्या बरोबर माथ्यावर एक झरोका. त्यातून हल्लेखोरांवर दगड टाकीत असत. या किनाऱ्याला समुद्रावरून येणाऱ्या धाडींचे भय फार होते. १४८० मध्ये ऑटोमन सैन्याने ओत्रांतो हे बंदर घेतले व धर्म सोडण्यास नकार देणाऱ्या सुमारे ८०० नागरिकांचा शिरच्छेद केला. त्या हुतात्म्यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये संतपद बहाल केले. अशा भयाच्या काळात धान्य, तेल, जनावरे आणि माणसे एका भिंतीआड राहावीत म्हणून ही घरे बांधली गेली.

आत प्रशस्त अंगण, अंगणाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. मालक वरच्या मजल्यावर राहत. खाली गोठे, कोठारे आणि मजुरांच्या झोपण्याच्या जागा. भिंतीला लागून लहानसे चॅपेल होते. त्याला अंगणातून एक दार आणि बाहेरच्या रस्त्यावरून दुसरे. आसपासच्या शेतमजुरांना वाड्यात पाऊल न टाकता मिस्सेला येता यावे, यासाठी ते दुसरे दार. प्रार्थनेचे स्थान एक, परंतु उंबरे दोन.

आम्हांस दिलेली खोली खालच्या मजल्यावर होती. पलंग उत्तम, चादरी शुभ्र, भिंतीतून उष्ण वाऱ्याची सोय. पलंगाशेजारी एक लांब दगडी कोनाडा होता व त्यात टॉवेल रचून ठेवले होते. आमची पत्नी त्यावर हात फिरवून म्हणाली, "ही तर गव्हाण!" तिचे खरे होते. आम्ही गोठ्यात उतरलो होतो.

संध्याकाळी एक वृद्ध गृहस्थ पाहुण्यांना भुयारातील घाणा दाखवावयास आले. भाची दुभाषी झाली. "मामा, पायऱ्या जपून उतरा," असे म्हणत तिने आमचा हात धरला. खडक कोरून केलेली ती गुहा. मध्ये गोल दगडी थाळा, त्यावर उभे जाते. डोळ्यांवर पट्टी बांधलेले खेचर त्याला फेऱ्या घाली. आपल्याकडील घाण्याचा बैल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. घाणा जमिनीखाली ठेवण्याचे कारण ऊब. थंडीत तेल थिजते, भुयारात ते पातळ राहते. शरद ऋतूत माणसे खाली उतरत ती हंगाम संपेपर्यंत तेथेच जेवत आणि तेथेच निजत. त्यांच्या मुकादमाला 'नाकीरो' म्हणत. जहाजाच्या तांडेलाला असलेल्या जुन्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले.

त्या काळी हे तेल मुख्यतः दिव्यांसाठी विकले जाई. गाल्लीपोली बंदरातून ते जहाजांनी दूरदूरच्या शहरांत जाऊन रस्ते आणि घरे उजळीत असे. पुढे वायूचे व रॉकेलचे दिवे आले आणि तो व्यापार विझला. गुहेच्या काळ्या भिंतींकडे पाहताना आमच्या मनात आले, लंडनच्या रस्त्यावर उजेड पडावा म्हणून येथे माणसे महिनोन्महिने सूर्य न पाहता राबली. गेथशेमाने या नावाचा अर्थही 'तेलाचा घाणा' असाच आहे, हे तेव्हा आठवल्यावाचून राहिले नाही.

त्या वृद्धांचे वडील याच वाड्यावर खेचरे सांभाळीत. आई गुडघ्यांवर बसून जमिनीवर पडलेली फळे वेची. १९५० मध्ये इटलीत जमीनसुधारणेचा कायदा झाला, मोठ्या जमीनदारीचे तुकडे पडले. परंतु अनेकांना मिळालेला तुकडा पोट भरण्यास पुरेना. तरुण मंडळी मिलान, तूरिन, जर्मनी, बेल्जियम अशी पांगली. हेही एका कारखान्यात तीस वर्षे काढून परतले. तोवर वाड्याचे छप्पर कोसळले होते आणि अंगणात अंजिराची झाडे उगवली होती.

आम्ही संकोचत विचारले, "आपले वडील जेथे झोपत, तेथे आज आम्ही पैसे मोजून झोपतो. आपणांस कसे वाटते?"

ते हसले. म्हणाले, "बाबा खेचरांच्या उबेला निजत. तुम्हाला विजेची ऊब आहे. छप्पर गळत नाही, याचा मला आनंदच आहे." मग थोडे थांबून म्हणाले, "पण ज्या नोव्हेंबरात येथे तेल निघणार नाही, त्यानंतर मी या पायऱ्या उतरणार नाही."

तेल खरोखरच निघत होते. मळ्यात झाडांखाली जाळी पसरून यंत्राच्या दांड्यांनी फांद्या हलविल्या जात होत्या. फळे त्याच दिवशी वाड्यामागील पोलादी यंत्रात जात. फळ साठून राहिले की तेलाला वास येतो, आणि लगदा फार तापविला की गुण जातात. म्हणून उष्णता २७ अंशांच्या आत ठेवतात. ताजे तेल हिरवेगार, कडवट आणि घशाला झोंबणारे असते. एका लिटरला साधारण पाच-सहा किलो फळे लागतात. दृढीकरणाच्या वेळी आपल्या कपाळी लागणारे तेल हे याच फळाचे. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी जेथे ऑलिव्ह मिळणे दुरापास्त आहे तेथे रुग्णाभ्यंगासाठी अन्य वनस्पतींच्या तेलास अनुज्ञा दिली, तीही आपल्यासारख्या दूरच्या प्रजेचा विचार करूनच.

रात्रीच्या जेवणात फावा नावाच्या कडधान्याची घोटलेली डाळ आणि कडू रानभाजी होती, वर नव्या तेलाची धार. हे मजुरांचे जुने अन्न. मालकीणबाई पंगतीत येऊन बसल्या. आम्ही त्यांना विचारले, "आज फळे तोडणारी माणसे कोठे निजतात?" प्रश्न उद्धट होता, पण त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गावात, भाड्याच्या घरात. सगळीकडे असे नाही." आफ्रिकेतून आलेले कित्येक मजूर या प्रांतात झोपड्यांत राहतात आणि दलाल त्यांच्या मजुरीतून हिस्सा काढतात. त्या दलालांविरुद्ध २०१६ मध्ये कडक कायदा करावा लागला. उंबरे दोन असण्याची गोष्ट जुनी झाली आहे असे कोणी समजू नये.

दुसरी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती आम्ही वहीत टिपून घेतली. शेतकऱ्याने आपल्या घरी पाहुणे ठेवून चार पैसे मिळवावेत, यासाठी इटलीने १९८५ मध्ये कायदा केला. त्यातील मुख्य अट अशी की शेती ही प्रधान राहिली पाहिजे आणि पाहुणे तिला पूरक. शेती सोडून नुसते हॉटेल चालवावयाचे असेल तर त्याने खुशाल चालवावे, पण मग या सवलती त्यास नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाचीने आम्हांस ओत्रांतोच्या हुतात्म्यांच्या अस्थींचे दर्शन घडविण्यास नेले. दीड-दोन तासांचा रस्ता. दक्षिणेकडे जाऊ लागलो तसतशी झाडे करडी होत गेली, आणि पुढे तर मैलोगणती पान नाही. बुंधे तसेच पिळलेले, फांद्या आकाशात वाळलेल्या. आमची पत्नी जपमाळ म्हणत होती, ती मध्येच थांबली.

'झायलेला' नावाचा सूक्ष्म जंतू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नसा बुजवितो, आणि जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. गवतावर फेस करून राहणारा एक लहानसा किडा तो जंतू झाडोझाडी नेतो. मध्य अमेरिकेतून आणलेल्या कॉफीच्या शोभिवंत रोपाबरोबर तो आला असावा, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. गाल्लीपोलीजवळ २०१३ मध्ये तो ओळखला गेला. सुमारे दोन कोटी दहा लाख झाडांना त्याची झळ पोहोचली, असे तेथील शेतकरी संघटना सांगतात. लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही. लेच्चीनोसारख्या तग धरणाऱ्या जाती नव्याने लावतात, जुन्या बुंध्यांवर त्यांचे कलम करण्याचे प्रयोगही चालले आहेत. रोग उत्तरेकडे सरकत आमच्या वाड्याच्या प्रांतातही येऊन ठेपला आहे.

त्या उजाड रस्त्यावर आम्हांस आणखी एक मास्सेरिया दिसली. भिंती नुकत्याच चुन्याने रंगविलेल्या, अंगणात निळा तलाव, फाटकावर सुंदर पाटी. आणि चहूकडे मेलेली झाडे. वाडा आमच्या वाड्याहून देखणाच होता. परंतु तेथे एकही रात्र राहावे असे आम्हां दोघांसही वाटले नाही. पडलेली भिंत पैशाने उभी राहते, गव्हाणीत टॉवेल ठेवता येतात. पण ज्या कामासाठी घर उभे राहिले ते काम थांबले, की उरतो तो घराचा देखावा.

नाताळात आम्ही चौघे भाऊ वडिलांच्या घरी जमलो. आम्ही हे सर्व सांगितले. धाकटा म्हणाला, "दादा, इटलीचे ठीक आहे, पण येथे राबणार कोण?" त्याचा प्रश्न रास्त होता आणि आमच्याजवळ त्याचे तयार उत्तर नव्हते. आमच्या थोरल्या चिरंजीवाने शेजारच्या कुळाबरोबर अर्धेलीने शेती करण्याची तयारी दाखविली. शेवटी त्या गृहस्थांस असे कळविले, की घर हवे तर भाड्याने घ्या, कौले फेरा, पाहुणे ठेवा. भातशेती मात्र विकावयाची नाही आणि ती पडीकही राहावयाची नाही. मागल्या दाराने शेतावर जाणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरातून वाट द्यावी लागेल.

त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. कदाचित येणारही नाही, आणि मग कौलांचा खर्च आम्हां चौघांसच वाटून घ्यावा लागेल. परंतु मृगाच्या पेरणीसाठी बियाणे बाजूला काढून ठेवले आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा निर्णय झाला असेल, त्यांनी तो कसा केला हे आम्हांस अवश्य लिहावे.