कुंपणच शेत खाऊ लागले तर?

मोटारीतील एअरबॅग ही मोठी विलक्षण वस्तू आहे. तिचे पैसे आपण आनंदाने मोजतो आणि तिचा उपयोग करण्याची वेळ जन्मात येऊ नये, अशी प्रार्थनाही करतो. ती आपल्या रक्षणासाठी आहे, एवढ्या एका विश्वासावर घरची माणसे तिच्यासमोर निर्धास्त बसतात. हा विश्वासच खोटा ठरला तर? २०२५ च्या जून महिन्यात फ्रान्समधील रँस येथे एका महिलेचा अपघातात मृत्यू झाला, तो सदोष एअरबॅगच्या स्फोटामुळे. तिची सिट्रोएन सी-३ ही मोटार २०१४ सालची, म्हणजे अकरा वर्षांची होती. त्यानंतर ‘टाकाटा’ कंपनीच्या एअरबॅगा असलेल्या अशा साऱ्या मोटारी दुरुस्ती होईपर्यंत रस्त्यावर आणू नका, असा आदेश फ्रान्समध्ये निघाला. वास्तविक हा दोष दहा वर्षांपूर्वीच साऱ्या जगाला ठाऊक झालेला होता. ठाऊक असलेल्या दोषाने इतक्या वर्षांनी माणसे मरत असतील, तर तो केवळ कारखान्यातील दोष राहत नाही; तो व्यवस्थेचा दोष ठरतो. आपल्या देशातील व्यवस्था या कसोटीवर तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

टाकाटा ही काही रस्त्याकडेची कंपनी नव्हती. १९३३ साली जपानमध्ये वस्त्रोद्योगात सुरू झालेल्या या घराण्याने हवाई छत्र्यांच्या दोऱ्या बनवल्या, पुढे मोटारींचे सुरक्षापट्टे बनवले आणि कालांतराने एअरबॅगच्या व्यवसायात जगात मानाचे स्थान मिळवले. धडक होताच डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी ही पिशवी फुगावी लागते. त्यासाठी पोलादी डबीत ठेवलेले रसायन पेटून वायू निर्माण होतो. २००० सालच्या सुमारास टाकाटाने या कामासाठी अमोनियम नायट्रेट वापरण्यास प्रारंभ केला. खतात आणि खाणींच्या सुरुंगात वापरले जाणारे हे रसायन स्वस्त खरे. पण ते ओल धरते आणि तापमानाच्या चढउताराने त्याच्या वड्या भुसभुशीत होतात. अशी वडी पेटली की ती जळत नाही, भडकते. वायूचा दाब डबीला पेलवत नाही आणि फुटलेल्या डबीचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या गळ्यात, छातीत घुसतात. आर्द्रता शोषून घेणारे द्रव्य डबीत घातले असते, तर धोका पुष्कळ कमी झाला असता. बहुसंख्य डब्यांत ते घातलेच गेले नव्हते.

२००४ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात अशी एक डबी फुटली. तो अपवाद मानला गेला. २००८ मध्ये होंडाने सुमारे चार हजार मोटारी माघारी बोलावल्या. पुढच्याच वर्षी ओक्लाहोमा राज्यात एका अठरा वर्षांच्या मुलीचा बळी गेला. तरीही टाकाटाने दोषाची व्याप्ती मान्य करण्यास २०१५ साल उजाडले. २०१७ च्या जानेवारीत कंपनीने अमेरिकेत फौजदारी गुन्ह्याची कबुली दिली. मोटार कंपन्यांना चाचण्यांचे खोटे अहवाल वर्षानुवर्षे देण्यात आले होते! १०० कोटी डॉलरचा दंड आणि भरपाई ठरली, त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिचा बहुतेक व्यवसाय चिनी मालकीच्या कंपनीकडे गेला. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा बदलण्याचे आदेश निघाले. तेथे किमान २८ माणसे दगावली आणि किमान चारशे जखमी झाली.

या साऱ्या प्रकरणात आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे ती हवामानाची. अमेरिकी यंत्रणेने माघारीचा अग्रक्रम ठरवला तो उष्ण आणि दमट प्रदेश पाहून. फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, हवाई बेटे येथील मोटारी आधी बोलावण्यात आल्या. आपल्यासारखीच हवा असलेल्या मलेशियात बळी गेले. फ्रान्सच्या सागरपार असलेल्या उष्ण प्रदेशांतही गेले. मुंबई, कोकण, गोवा येथे राहणाऱ्यांना दमट हवा म्हणजे काय, हे सांगावयास नको. चार महिने पाऊस आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभी केलेली मोटार. अशा रसायनाची परीक्षा घेण्यास याहून कठोर परिस्थिती कोणती?

आपल्याकडे काहीच घडले नाही असे नव्हे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये होंडाने भारतातील सुमारे सव्वादोन लाख मोटारी एअरबॅगांच्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. २०१८ च्या जानेवारीत आणखी २२,८३४. परंतु हे सारे कंपनीने आपण होऊन केले. वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वतःसाठी घालून घेतलेली ऐच्छिक आचारसंहिता, एवढाच तेव्हा आधार होता. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने माघारी बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. कसूर करणाऱ्या कंपनीस दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद झाली. हे पाऊल स्वागतार्हच होते आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

मात्र याच नियमांत एक मेख आहे. ते लागू होतात सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांना! आता टाकाटाचा दोष आठवून पाहा. तो कारखान्यातून मोटार बाहेर पडताना दिसत नाही, पहिल्या वर्षी दिसत नाही, पाचव्या वर्षीही बहुधा दिसत नाही. तो उन्हाळे-पावसाळे खात मुरत जातो आणि मोटार जुनी झाली की प्रकट होतो. रँसची मोटार अकरा वर्षांची होती. म्हणजे धोका जेव्हा वाढू लागतो, नेमके तेव्हाच सक्तीचे संरक्षण संपते.

यावर असे म्हटले जाईल, की जुन्या वाहनाची जबाबदारी कंपनीने जन्मभर का वाहावी? झिजलेले टायर, गंजलेला पत्रा यांची जबाबदारी मालकाचीच, यात वाद नाही. परंतु झीज वेगळी आणि जन्मजात दोष वेगळा. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीची मुदत दहा वर्षांची होती; या प्रकरणानंतर, २०१५ च्या कायद्याने ती पंधरा वर्षे करण्यात आली. आपल्याकडे एक मोटार दहा-बारा वर्षे वापरणे ही मध्यमवर्गीय घरातील रीतच आहे. शिवाय पहिला मालक मोटार विकतो ती अशा कुटुंबाला, जे प्रथमच चारचाकी घेत असते. कंपनीचे पत्र जाते जुन्या पत्त्यावर आणि धोका जातो नव्या मालकाच्या घरी.

चालकासमोरील एअरबॅग भारतात २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली, शेजारच्या आसनासाठीची सक्ती २०२१ मध्ये आली. या नियमांनी लाखो घरांत एअरबॅग प्रथमच पोहोचली. २०२१ मध्ये बनलेली मोटार २०२८ मध्ये सात वर्षांची होईल आणि नियमाच्या छत्राबाहेर पडेल. सक्ती सरकारने करावयाची आणि त्या वस्तूच्या निर्दोषपणाची हमी मात्र सात वर्षांत संपवायची, हा न्याय नव्हे.

उपाय अवघड नाहीत. सुरक्षेशी निगडित दोषांपुरती तरी ही मर्यादा पंधरा वर्षांपर्यंत वाढवावी. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये तीस लाखांहून अधिक मोटारींची माघार सक्तीची केली, ३१ डिसेंबर २०२० ही मुदत दिली आणि प्रतिसाद न देणाऱ्या मालकांच्या वाहनांची नोंदणी रोखण्यापर्यंत तेथील राज्ये गेली. आपल्याकडे विम्याचे नूतनीकरण, पीयूसी आणि आरटीओत होणारे मालकीचे हस्तांतरण या तीन ठिकाणी प्रत्येक वाहनाची नोंद तपासली जातेच. तेथेच चासी क्रमांकावरून ‘या मोटारीची दुरुस्ती बाकी आहे’ हे मालकास सांगितले गेले पाहिजे.

आणि सरकार जागे होईपर्यंत आपण स्वस्थ बसावे काय? आरसीवरचा चासी क्रमांक बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर घातला, की मोटार माघारीच्या यादीत आहे किंवा नाही ते कळते. दुरुस्तीला पैसे पडत नाहीत. जुनी मोटार घेताना तर ही तपासणी आधी करावी आणि मग रंग-किंमत पाहावी. आपल्या सोसायटीत, वस्तीत जुन्या मोटारी असलेली, संगणकाची सवय नसलेली कितीतरी कुटुंबे आहेत. एका रविवारी दोन-चार तरुणांनी बसून त्यांचे क्रमांक तपासून द्यावेत. सभा नको, निधी नको, फलक नको. ज्या घरातील मोटार यादीत सापडेल, त्या घरावरचे एक संकट तेवढ्याने टळेल.