करार मिळाला, राखणदार गेला

दोन महायुद्धांमधल्या पोपसत्तेचा विषय निघाला की एक समर्थन हमखास पुढे येते: समोर मुसोलिनी आणि हिटलर, हाताशी सैन्य नाही, हुकूमशहांशी करार करण्यावाचून पोपला दुसरा मार्गच नव्हता. समर्थन सयुक्तिक वाटते. अडचण एवढीच, की दुसरा मार्ग होता आणि तो बुजवण्यास व्हॅटिकननेच हातभार लावला.

१८७० साली इटलीच्या सैन्याने रोम घेतले, तेव्हापासून पोप स्वतःला व्हॅटिकनचे बंदिवान म्हणवत. १९१९ मध्ये लुइजी स्टुर्झो या सिसिलीच्या धर्मगुरूने इटालियन लोकपक्ष स्थापन केला. श्रद्धेने कॅथलिक, पण चर्चच्या आदेशाबाहेरचा. जमीनसुधारणा आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व मागणारा. त्याच वर्षी त्याने १०० जागा जिंकल्या. शेतकरी संघटना, पतपेढ्या, वृत्तपत्रे यांचे जाळे त्याच्या पाठीशी होते, आणि फॅसिस्ट टोळ्या समाजवाद्यांप्रमाणे या जाळ्यावरही तुटून पडत होत्या.

फेब्रुवारी १९२२ मध्ये आकिल्ले राती हे अकरावे पायस या नावाने पोप झाले. ऑक्टोबरात मुसोलिनी सत्तेवर आला. राती आयुष्याचा मोठा काळ ग्रंथपाल होते. पण १९२० मध्ये लाल सेना वॉर्साच्या वेशीवर आली तेव्हा पोपचे दूत म्हणून तिथे ठाम राहिलेही होते. साम्यवादाचे भय त्यांना पुस्तकांतून आलेले नव्हते. मात्र संसदीय राजकारणाविषयीची त्यांची अनास्था त्या भयाने क्षम्य ठरत नाही.

१९२३ च्या उन्हाळ्यात, चतुर्थांश मते मिळवून आघाडीवर राहणाऱ्या यादीला दोन तृतीयांश जागा बहाल करणारा कायदा मुसोलिनीने आणला. लोकपक्षाचा विरोध इथे मोलाचा होता. नेमक्या त्याच जुलैत व्हॅटिकनच्या दबावाखाली स्टुर्झोंनी चिटणीसपद सोडले. पुढच्या वर्षी समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा खून झाला, मुसोलिनीचे आसन डळमळले, लोकपक्ष आणि समाजवादी एकत्र येण्याची शक्यता दिसू लागली. तेव्हा अशी हातमिळवणी कॅथलिकांना वर्ज्य असल्याचे खुद्द पोपनीच सांगितले. ऑक्टोबरात स्टुर्झो लंडनला गेले. त्यांचा विजनवास १९४६ मध्ये संपला.

मग ११ फेब्रुवारी १९२९ चे लॅटरन करार. ४४ हेक्टरांचे सार्वभौम राज्य, ७५ कोटी लिरा रोख, १०० कोटींचे रोखे, शाळांत धर्मशिक्षण, चर्चमधल्या विवाहाला कायदेशीर मान्यता. दोनच दिवसांनी पोपनी मुसोलिनीचा उल्लेख ईश्वरी योजनेने भेटलेला माणूस अशा अर्थाने केला. साठ वर्षांचा तंटा मिटला, ही गोष्ट लहान नव्हे. पण करार मोडला तर दाद मागायची कोणाकडे? उत्तर दोन वर्षांत मिळाले. १९३१ मध्ये सरकारने कॅथलिक ॲक्शनची युवक मंडळे बंद केली. पोपनी जळजळीत परिपत्रक काढले. सप्टेंबरात तडजोड झाली. मंडळांनी क्रीडास्पर्धा भरवायच्या नाहीत आणि राजवटीच्या विरोधी पक्षांतून आलेल्यांना पदे द्यायची नाहीत, हे चर्चने कबूल केले. म्हणजे स्टुर्झोंच्या माणसांना चर्चच्या ओसरीवरूनही उठवले गेले.

जर्मनीत हेच अधिक वेगाने घडले. बिस्मार्कच्या चर्चविरोधी कायद्यांना पुरून उरलेली सेंटर पार्टी हा तिथला कॅथलिक पक्ष. मार्च १९३३ मध्ये त्याच्या खासदारांनी, अध्यक्ष आणि धर्मगुरू लुडविग कास यांच्या नेतृत्वाखाली, हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याला मते दिली. लवकरच कास रोमला जाऊन कराराच्या वाटाघाटींत गुंतले. ५ जुलैला पक्ष विसर्जित झाला. २० जुलैला कार्डिनल पाचेल्ली आणि फॉन पापेन यांनी सह्या केल्या. मतांच्या बदल्यात करार ठरला होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात. भांडोत. धर्मगुरूंना पक्षीय राजकारणातून दूर ठेवणारे ३२ वे कलम सर्वांना वाचण्यासाठी खुले आहे.

मार्च १९३७ चे जर्मन भाषेतले परिपत्रक धाडसी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुप्तपणे छापून ते एकाच रविवारी देशभरच्या चर्चांतून वाचले गेले. सरकारने छापखाने जप्त केले. पण ते ऐकून बाहेर पडलेल्या कॅथलिक मतदाराने करायचे काय? त्याचा पक्ष चार वर्षांपूर्वीच संपला होता. इटलीत १९३८ मध्ये वंशभेदाचे कायदे आले, तेव्हाही व्हॅटिकनचा औपचारिक निषेध मुख्यतः करारातल्या विवाहविषयक कलमाच्या भंगापुरता राहिला. कलमांच्या आश्रयाला गेलेल्या संस्थेपाशी भाषाही कलमांचीच उरली होती.

अखेरच्या महिन्यांत आजारी पोपचा स्वर पालटला होता, हेही खरे. लॅटरन करारांच्या दशकपूर्तीसाठी त्यांनी भाषण लिहून ठेवले. समारंभाच्या आदल्या दिवशी, १० फेब्रुवारी १९३९ रोजी, त्यांचे निधन झाले. छापलेल्या प्रती पाचेल्लींच्या आदेशाने नष्ट करण्यात आल्या.

लोकपक्षात स्टुर्झोंचे उत्तराधिकारी होते आल्चिदे दे गास्पेरी. मुसोलिनीच्या तुरुंगातून सुटल्यावर, करारांच्याच वर्षी, त्यांना व्हॅटिकनच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली. उरलेली फॅसिस्ट राजवट त्यांनी तिथे पुस्तकांच्या सूची करण्यात काढली. डिसेंबर १९४५ मध्ये ते इटलीचे पंतप्रधान झाले.