वळणापूर्वीचा संयम



आपल्या खेड्यापाड्यांत एके काळी बैलगाडी जे काम करी, ते आज मोटारसायकल करीत आहे. आईला रविवारच्या मिस्सेला न्यावयाचे असो, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवावयाचे असो, की फेस्ताला पाहुण्यांच्या गावी जावयाचे असो, अंगणातील मोटारसायकलच बाहेर काढावी लागते. पण बैलांना वाट ठाऊक असे. हाकणाऱ्याला डुलकी लागली तरी ते त्याला सुखरूप घरी आणीत. मोटारसायकलीला वाट कळत नाही. चालविणाऱ्याचे मन जसे असेल तशी ती चालते, आणि त्या मनाची खरी परीक्षा वळणावर होते.

हे मला कसे उमगले ते सांगतो. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दहा वर्षांनी होणारे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत होते. त्या डिसेंबरात बेळगावाकडील अनेक कुटुंबांप्रमाणे आम्हीही निघालो. मी पुतण्याच्या मागे बसलो होतो. जांबोटी गेली, कणकुंबी गेली, आणि आम्ही चोर्ल्याचा घाट उतरू लागलो. गाडीला वेग फार होता. मी म्हणालो, "बाळ, जरा सावकाश." त्याने उत्तर दिले, "काका, घाबरू नका. हा घाट मला पाठ आहे."

घाट त्याला पाठ होता हे खरे; पण वळणापलीकडून येणारा टेम्पो पाठ नव्हता. शिवाय तो नेहमी एकटा येई. आज मागे माझे वजन आहे हे त्याच्या ध्यानात राहिले नाही. एका डाव्या वळणात तो नेहमीच्याच वेगाने शिरला. समोर टेम्पो दिसताच त्याची नजर त्यावरच खिळली, हाताने पुढचा ब्रेक करकचून आवळला, आणि कललेली गाडी उभी होऊन सरळ टेम्पोच्या रोखाने निघाली. टेम्पोचालक सावकाश चढत होता. त्याने जागच्या जागी गाडी थांबविली, म्हणून आम्ही वाचलो. मध्ये हातभर अंतर उरले होते. तो खाली उतरला, एक शब्दही रागाचा न बोलता त्याने आम्हांला पाणी दिले आणि तो निघून गेला.

जुन्या गोव्यात दर्शनाच्या रांगेत उभे असता पुतण्या हळूच म्हणाला, "काका, तुम्हांला काही झाले असते तर मी काकूला काय सांगितले असते?" मजजवळ ह्याचे उत्तर नव्हते.

घरी परतल्यावर मी त्याला आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त सैनिकाकडे नेले. त्यांची उमेदीची वर्षे लष्करात मोटारसायकल चालविण्यात गेली आहेत. दर रविवारी सायंकाळी चर्चच्या मोकळ्या मैदानात चार दगड मांडून त्यांनी पुतण्याला पुन्हा पहिल्यापासून शिकविले. त्यांचे पहिलेच वाक्य असे होते: "वळण वळणावर घेतले जात नाही, ते वळणापूर्वी घेतले जाते."

ह्याचा अर्थ असा की, वेग कमी करणे व खालचा गिअर टाकणे ही दोन्ही कामे गाडी सरळ उभी असतानाच, दोन्ही ब्रेक मिळून, पुरी करावयाची. ह्याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. टायरची जमिनीवरील पकड ही महिन्याच्या पगारासारखी आहे. वळणे आणि थांबणे हे दोन्ही खर्च त्या एकाच पगारातून भागवावयाचे असतात. वळणासाठी बहुतेक रक्कम खर्ची पडली असता वर ब्रेकचा मोठा खर्च काढला की दिवाळे निघते, चाक घसरते.

वेगाचा हिशेबही कठोर आहे. वेग दुप्पट झाला की वळण्यासाठी लागणारा जोर चौपट होतो. ३० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३० किलोमीटर वेगाने घेताना सुमारे १३ अंश कलावे लागते; ४० च्या वेगाने सुमारे २३ अंश, आणि ६० च्या वेगाने सुमारे ४३ अंश. इतके कलल्यावर कोरड्या व स्वच्छ रस्त्यावरही पकडीचा जवळजवळ शेवट होतो. मग पावसाने भिजलेल्या, शेवाळलेल्या किंवा वाळू सांडलेल्या घाटात काय होईल ते सांगावयास नको.

दुसरा धडा नजरेचा. मोटारसायकल डोळ्यांच्या मागे जाते. खड्ड्याकडे टक लावणारा खड्ड्यात जातो. म्हणून मान वळवून वळणाचा जो दूरचा शेवट दिसतो तिकडे पाहावे, आणि जेवढा रस्ता मोकळा दिसतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. उजव्या वळणावर आणखी एक सावधगिरी हवी. चाके आपल्या बाजूस असली तरी कललेल्या चालकाचे मस्तक मधली रेघ ओलांडून जाते. म्हणून तेथे डावीकडे पुरेशी जागा राखावी.

तिसरा धडा हातांचा, व तो पहिल्यांदा उलटा वाटेल. वेगात असता डावीकडे वळावयाचे तर डाव्या हाताने हँडलची डावी मूठ हळूच पुढे दाबावयाची. पुढचे चाक क्षणभर किंचित उजवीकडे जाते, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. १९०३ साली विमान उडविणारे राइट बंधू मूळचे सायकलींचे दुकानदार. सायकलस्वार प्रत्यक्षात असेच करतात, पण त्यांना स्वतःला ते ठाऊक नसते, हे विल्बर राइट ह्यांनी हेरले होते. जे नकळत होते ते जाणून केले की हाताला निश्चितता येते व भीती ओसरते. वळणात शिरल्यावर रेस एकसारखी, किंचित उघडी ठेवावी. वेग जास्त झाला असे वाटले तरी ब्रेकवर झडप घालू नये. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवून मूठ आणखी थोडी दाबावी. पुष्कळदा टायरजवळ शिल्लक असते. धीर मात्र आधी संपतो. आणि पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरण्याची जी खोड आपल्याकडे आहे, ती आजच सोडावी. खालच्या गिअरातील चालू इंजिन हाच उतारावरचा मोठा आधार होय.

मागे बसणाऱ्यांनाही कर्तव्य आहे. चालक जिकडे कलेल तिकडेच त्याच्याबरोबर शांतपणे कलावे. भीतीने उलट बाजूस झुकू नये. भगिनींनी शक्यतो दोन्ही बाजूंस पाय टाकून बसावे आणि पदर वा ओढणी चाकाकडे जाणार नाही अशी खोचून घ्यावी. चालकामागे एकच माणूस बसावा आणि चार वर्षांवरील प्रत्येकाच्या मस्तकावर हेल्मेट असावे, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. नवरा, बायको आणि दोन मुले एकाच गाडीवर चर्चला येताना पाहून आपण कौतुकाने हसतो. वास्तविक पाहता तेथे हसू आवरावयास हवे.

कित्येकांच्या गाडीवर संत ख्रिस्तोफरचे पदक असते. ते असावे; पण प्रभू येशूने मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास नकार दिला, हेही स्मरावे. देवदूत झेलतील म्हणून कड्यावरून झेप घेणे ही श्रद्धा नव्हे. ती देवाची परीक्षा पाहणे आहे. २००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरील वर्तनाविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतील पहिली आज्ञा कोणती? मनुष्यवध न करण्याची. जी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाचवी म्हणून पाठ केली, ती रस्त्यावर पहिली आहे.

पुढे पावसाळा सरल्यावर मी पुन्हा पुतण्याच्या मागे बसून त्याच घाटाने गेलो. ते डावे वळण येण्यापूर्वीच त्याने वेग उतरविला, गिअर बदलला, हॉर्न दिला आणि विचारले, "काका, नीट बसलात ना?" गाडी एका संथ रेषेत वळली. मला भीती वाटली नाही, आणि त्यालाही वाटली नसावी. आत्मविश्वास म्हणजे धाडस अशी पुष्कळ तरुणांची समजूत असते. करावयाचे ते वेळेवर करून ठेवलेल्या माणसाच्या मनाची शांतता म्हणजे आत्मविश्वास.

त्या दिवशी मिस्सेला आम्ही दहा मिनिटे उशिरा पोहोचलो. मागच्या बाकावर जागा मिळाली. काकू घरी वाट पाहत होती, आणि संध्याकाळी आम्ही दोघेही तिच्यासमोर उभे होतो.