इन्सुलिन सुटतं, पण कुणाचं आणि किती काळ?

‘स्टेम सेलने मधुमेह कायमचा बरा’ अशा जाहिराती आपल्याकडे बिनदिक्कत झळकतात. टाइप १ मधुमेह झालेल्या मुलांचे हवालदिल आईवडील त्यांवर भरवसा ठेवून आयुष्यभराची पुंजी मोकळी करतात. ही फसवणूक थांबलीच पाहिजे.

रक्ताच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, जिथे असतात त्या अस्थिमज्जेचं मधुमेहाशी नातं मात्र खरं आहे. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, आणि या प्रतिकारशक्तीचा उगम मज्जेत असतो. टाइप १ असलेल्या भावंडाची मज्जा घेतलेल्या रुग्णाला पुढे तोच आजार जडल्याची नोंद १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली होती.

हाच धागा धरून ब्राझीलमधल्या रिबेराव प्रेतो इथे डॉ. ज्यूलिओ व्होल्टारेली यांनी प्रयोग केला. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून गोठवायच्या, बिथरलेली प्रतिकारशक्ती जबर औषधांनी दडपायची आणि मग त्या पेशी परत द्यायच्या. २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार २३ पैकी २० जणांचं इन्सुलिन सुटलं. त्यांतल्या १२ जणांना सरासरी ३१ महिने ते लागलं नाही. बाकीच्या आठांना थोड्या मात्रेत पुन्हा सुरू करावं लागलं.

याची किंमतही मोजावी लागली. दोघांना न्यूमोनिया झाला, नऊ जणांची शुक्राणूसंख्या घटली. पुढे चीन आणि पोलंडमधल्या ६५ रुग्णांच्या अभ्यासात एक जण जंतुसंसर्गाने दगावला.

शिवाय ब्राझीलमधल्या सगळ्यांचं निदान जेमतेम सहा आठवड्यांपूर्वीचं होतं. या टप्प्यात इन्सुलिनची गरज काही काळ आपोआपही कमी होते, डॉक्टर त्याला ‘हनिमून फेज’ म्हणतात. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हा प्रश्न उरतोच. वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणाऱ्यांना किंवा टाइप २ च्या रुग्णांना या आकड्यांचा दाखला देता येत नाही.

म्हणूनच हा उपचार संशोधनाच्या चौकटीतच राहायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. कुणी असा उपचार सुचवला, तर चाचणीची नोंदणी आहे का आणि पैसे का मागता, हे पालकांनी आधी विचारावं. कुणाच्याही शब्दावर मुलाचं इन्सुलिन बंद करू नये. त्याने जीव जाऊ शकतो.

मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानेच बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाने तक्रारीची वाट न पाहता या कायद्याखाली गुन्हे नोंदवावेत.