गावात आरोग्य कर्मचारी आहेत, पण ‘टीम’ आहे का?

तुमच्या गावातल्या उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी असेल. केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशभरातली दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं सुधारण्याची योजना जाहीर केली. २०२३ मध्ये त्यांना हे नाव मिळालं. पूर्वी उपकेंद्र म्हणजे लसीकरण आणि बाळंतपण एवढंच होतं. आता तिथे तीस वर्षांवरील प्रत्येकाचा बीपी आणि शुगर तपासायची, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी करायची, असं धोरण आहे.

धोरण चांगलं आहे, आणि माणसंही पूर्वीपेक्षा जास्त नेमली गेली. मग गावाकडून अर्धांगवायूचे आणि हार्ट अटॅकचे पेशंट अजूनही असे अचानक का येतात? यातल्या अनेकांचा बीपी आधीच सापडलेला असतो. तो सापडल्यानंतर काय होतं, हे आज पाहू.

एक पेशंट, चार रजिस्टरं

मी काही वर्षं मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. आमच्या भागातली बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

एका सप्टेंबरमध्ये पन्नाशीतल्या एका ऊसतोड कामगाराचा बीपी १६८/१०४ निघाला. आशाताईंनी त्याचा फॉर्म भरला. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी बीपी मोजला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला आणि त्याला माझ्याकडे पाठवलं. मी तपासलं आणि तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. आरोग्य सेविकेने महिन्याच्या अहवालात ‘उपचार सुरू’ अशी नोंद केली.

जानेवारीत त्याला जीपमधून गावी आणलं तेव्हा त्याची उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं गेलं होतं. बायकोने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून दाखवली. त्याने तीस दिवस नियमित गोळ्या घेतल्या होत्या. संपल्यावर तो फडावर होता, बरं वाटत होतं, म्हणून थांबल्या.

मी रजिस्टरं मागवली. त्याचं नाव चार ठिकाणी होतं आणि चारही ठिकाणची नोंद बरोबर होती. आशाताईंना तो कोणत्या मुकादमाबरोबर कधी जाणार हे माहीत होतं, पण त्याला रोजच्या गोळ्या सुरू झाल्यात हे कोणी त्यांना कळवलं नव्हतं. मला गोळ्या माहीत होत्या, पण तो पंधरा दिवसांत गाव सोडणार हे मी विचारलं नव्हतं. प्रत्येकाने आपलं काम केलं होतं. पेशंट मात्र त्या कामांच्या मधल्या जागेत हरवला. त्यात माझाही वाटा आहे.

टीममध्ये कोण कोण असतं?

तुमच्या गावासाठी साधारण ही माणसं असतात:

- आशाताई: सुमारे हजार लोकवस्तीमागे एक. त्या गावातल्याच असतात, घराघरांत ओळख असते.
- आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक: उपकेंद्रात. सपाट भागात पाच हजार, तर डोंगरी किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा निकष आहे.
- समुदाय आरोग्य अधिकारी: उपकेंद्रात. महाराष्ट्रात यातले बरेच जण आयुर्वेद पदवीधर असून त्यांनी सहा महिन्यांचं जादा प्रशिक्षण घेतलेलं असतं.
- वैद्यकीय अधिकारी, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ: प्राथमिक आरोग्य केंद्रात. एक केंद्र तीस हजार लोकसंख्येला, डोंगरी किंवा आदिवासी भागात वीस हजारांना.
- गटप्रवर्तक: अनेक आशांच्या कामाला आधार देणाऱ्या.
- अंगणवाडी सेविका: लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी.

कागदावर ही एक टीम आहे. पण अंगणवाडी सेविका महिला व बालविकास विभागाच्या, आरोग्य सेविका बहुधा जिल्हा परिषदेच्या, समुदाय आरोग्य अधिकारी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी, आणि आशांना पगार नाही, मानधन आणि कामावर आधारित मोबदला. त्यांचे वरिष्ठ वेगळे आणि बैठका वेगळ्या. मोबाइलमधली ॲपही वेगळी: पोषणासाठी एक, लसीकरणासाठी दुसरं, टीबीसाठी तिसरं, बीपी-शुगरसाठी चौथं. एकाच घरात चौघे जातात आणि प्रत्येकाला त्या घराचा एकेकच तुकडा दिसतो.

आकडा कशाचा मोजायचा?

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी लोकांना २०२५ पर्यंत उपचाराखाली आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये तीस वर्षांवरील सर्वांच्या तपासणीची देशव्यापी मोहीमही झाली. अशा मोहिमा हव्यातच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांचा बीपी वाढलेला होता किंवा ते त्यासाठी गोळ्या घेत होते.

पण तपासणी ही एका दिवसाची गोष्ट आहे आणि बीपीचा उपचार बहुधा आयुष्यभराचा. मोहीम एकट्याच्या जोरावरही होऊ शकते. पाच वर्षं गोळ्या चालू ठेवणं एकट्या डॉक्टरच्या हातात नसतं. वरून फोन आला की ‘किती जणांची तपासणी झाली?’ हाच प्रश्न येतो. मग आमची मासिक सभाही त्याच प्रश्नावर संपते. ‘गेल्या वर्षी सापडलेल्यांपैकी आज किती जणांचा बीपी १४०/९० च्या खाली आहे?’ हे विचारलं, तर उत्तर द्यायला आशा, सेविका, औषध देणारा आणि डॉक्टर या चौघांना एकत्र बसावंच लागतं.

ही कल्पना नवी नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७-१८ पासून सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यात त्यात महाराष्ट्रही होता. त्याची पाच सूत्रं आहेत: औषधांचा एकच ठरलेला क्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, टीमने मिळून उपचार, घराजवळ सेवा आणि प्रत्येक पेशंटचा पाठपुरावा दिसेल अशी नोंद. डॉक्टरने उपचार सुरू करायचे आणि पुढच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळायच्या, हा त्याचा गाभा. दहा किलोमीटरची फेरी आणि बुडालेली मजुरी वाचली, की पेशंट टिकतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हेच नवजात बाळांबाबत दाखवलं. गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. हे फक्त एकदा दिलेल्या प्रशिक्षणाने झालं नाही. त्या स्त्रियांच्या कामावर नियमित देखरेख होती आणि अडल्यावर विचारायला कोणीतरी होतं.

आम्ही काय बदललं

त्या जानेवारीनंतर आम्ही मासिक सभेचा पहिला अर्धा तास आकड्यांऐवजी नावांना दिला. ‘कोण आलं नाही?’ एवढाच विषय. सुरुवातीला आशाताई मागच्या रांगेत गप्प बसायच्या, कारण आजवर त्या सभेत त्यांना फक्त बोलणीच बसली होती. मी दोन सभा स्वतः कमी बोलले. तिसऱ्या सभेत एकीने सांगितलं, “मॅडम, तुमच्या गोळीने पाय सुजतात म्हणून तिघांनी सोडली, पण तुम्हाला सांगायला घाबरतात.” ॲम्लोडिपिनने असं होऊ शकतं, आणि औषध बदलता येतं. ही माहिती माझ्या ओपीडीत मला कधीच मिळाली नव्हती.

दुसरं, दसऱ्याआधी ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी आशाताई करू लागल्या. त्यातले बीपी, शुगर, टीबीचे पेशंट आणि गरोदर बायका वेगळ्या काढायच्या, साठा असेल तितक्या जास्त दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि औषधांची नावं लिहिलेलं कार्ड सोबत द्यायचं. याला वेगळा निधी लागला नाही. सगळे पेशंट टिकले असंही नाही, पण कोण सुटलं ते कळू लागलं.

तरीही नुसत्या सभांनी सगळं सुटत नाही. पद रिकामं असेल तर टीम बनणार कुणाची? मानधन महिनोन्महिने रखडलं तर आशाताईंनी दारोदार कशाच्या बळावर फिरायचं? राज्यातल्या आशांना मानधनासाठी वारंवार संप करावा लागला आहे. उपकेंद्राच्या टीमसाठी एकत्रित प्रोत्साहन भत्त्याची तरतूद आहे. तो देताना ‘किती तपासले’ याच्याइतकंच ‘किती जणांचा बीपी आटोक्यात आला’ यालाही वजन हवं.

तुम्ही काय करू शकता?

१. बीपी किंवा शुगर निघाल्यास आशाताईंना स्वतः सांगा. डॉक्टरांनी त्यांना कळवलं असेल, असं गृहीत धरू नका.

२. ‘पुढच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतील का?’ असं विचारा.

३. कामासाठी बाहेरगावी जाणार असाल तर पंधरा दिवस आधी सांगा. जुनी कागदं आणि गोळ्यांचं पाकीट जवळ ठेवा.

४. गोळीचा त्रास होत असेल तर ती परस्पर बंद करू नका, पण लपवूही नका. आशाताईंमार्फत कळवलं तरी चालेल.

५. बीपी १८०/११० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

६. तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं यातलं काहीही अचानक झालं तर लगेच १०८ ला फोन करा आणि सिटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचा. काही पेशंटना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच.

७. ग्रामसभेत किंवा गावाच्या आरोग्य समितीत एकच प्रश्न विचारा: ‘आपल्या गावात बीपीचे पेशंट किती, आणि त्यातल्या किती जणांचा बीपी आज आटोक्यात आहे?’ उत्तर लगेच मिळालं नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.