झाड आपल्यासाठी कडू होत नाही

मागच्या महिन्यात नाचणगावच्या माझ्या दवाखान्यात एक काकाजी आले. साठी ओलांडलेली, चार एकर पऱ्हाटी, बारा वर्षांपासून साखरेचा आजार. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळची जखम तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती. रक्तातील साखर पाहिली, तर ३८०. मी विचारले, "काकाजी, गोळ्या सुरू आहेत ना?" ते शांतपणे म्हणाले, "गोया तं दिवाळीपासूनच सोडल्या जी. रोज सकायी सदाफुलीचे पानं खातो. झाडपाल्यानं कायची इजा होते?"

अंगठा वाचला नाही. वर्ध्याला पाठवावे लागले आणि तेथे तो काढावा लागला.

या गोष्टीत दोष काकाजींचा, असे मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर ते दोनदा माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले होते. मी रक्तदाब पाहिला, "साखरेच्या गोळ्या घेताय ना?" असे घाईत विचारले, त्यांनी मान हलवली, मी चिठ्ठी लिहिली. घरी आणखी काय घेता, हा एक प्रश्न मी विचारला नाही. अर्धा मिनिट वाचवले आणि त्यांचा अंगठा गेला. म्हणून आजचा हा लेख जितका वाचकांसाठी आहे, तितकाच माझ्यासाठीही आहे.

"झाडपाल्याने काय इजा होते?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्यामागे एक समजूत आहे. देवाने किंवा निसर्गाने झाडे माणसाच्या उपयोगासाठी निर्माण केली, त्यांच्यात औषध आपल्यासाठी भरून ठेवले, म्हणून ते निर्धोक. ही समजूत गोड आहे, पण खरी नाही. झाडाला पाय नाहीत, पळता येत नाही. अळी आली, बकरी आली, बुरशी लागली, तर त्याला जागच्या जागी लढावे लागते. त्यासाठी ते आपल्या पानात, सालीत, बीत विषे तयार करते. कडूपणा, तिखटपणा, उग्र वास, चीक ही झाडाची शस्त्रे आहेत. ती किड्यासाठी आणि जनावरासाठी बनलेली आहेत. आपण त्यांतली काही उचलली, मोजून वापरली आणि त्यांना औषध म्हटले.

याचा पुरावा शोधायला आपल्या भागातील शेतकऱ्याला दूर जायला नको. सरकी फोडून पाहा. आतल्या गरावर बारीक काळे ठिपके दिसतात. पऱ्हाटीच्या पानावर, बोंडावरही ते असतात. त्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचे विष असते. अमेरिकेत १९५० च्या दशकात हे ठिपके नसलेली कपाशी तयार केली गेली. सरकी माणसाला खाता यावी, हा हेतू. पण शेतात ती लावली तेव्हा जे किडे एरवी कपाशीकडे फिरकत नसत, ते तिच्यावर तुटून पडले. उंदरांनीही सोडले नाही. शस्त्र काढून घेतलेले झाड उभे राहू शकले नाही.

सरकीची ढेप गाई-म्हशींना चालते, कारण त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात गॉसिपॉलचा जोर बराच मोडतो. लहान वासरांचा तो कप्पा तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना आणि कोंबड्यांना ढेप जपून द्यावी लागते. सरकीचे तेल आपण खातो, तेही शुद्ध करून, हे विष काढून टाकल्यावर. चीनमध्ये १९७० च्या दशकात याच गॉसिपॉलची पुरुषांसाठी संततिनियमनाची गोळी म्हणून हजारो लोकांवर चाचणी झाली. गोळी लागू पडली. पण काहींच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक इतके खाली गेले, तर काहींना औषध बंद केल्यावरही मूल होण्याची क्षमता परत आली नाही. शेवटी तो नाद सोडावा लागला. आपण ज्याच्या जिवावर जगतो, त्या पऱ्हाटीचीच ही कथा आहे.

आता सदाफुलीकडे येऊ. कुंपणाशी, तुळशीवृंदावनाजवळ, कोठेही उगवणारे हे झुडूप बकरीसुद्धा खात नाही. ते का, याचा विचार आपण करत नाही. जमैका बेटावर लोक या पानांचा काढा मधुमेहासाठी पीत असत. ती पाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातील रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पोहोचली. त्यांनी आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदरांच्या रक्तातील साखरेवर काही परिणाम दिसला नाही. मात्र अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. तपासले तेव्हा कळले, की त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या.

दुसरा कोणी असता तर पाने फेकून दिली असती. या दोघांनी उलटा विचार केला. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो रक्ताचा कर्करोग. मग हे विष तेथे उपयोगी पडेल का? त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टीन हे औषध जगापुढे आले आणि त्यापाठोपाठ विनक्रिस्टीन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर इतर औषधांच्या जोडीने विनक्रिस्टीन आजही दिले जाते. त्या आजारातून आज पुष्कळ मुले बरी होतात, त्यात या अंगणातल्या झुडपाचा वाटा आहे. मात्र हे औषध मुलाच्या आकारमानाचा हिशेब करून शिरेतून देतात, एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, आणि उपचार चालू असेपर्यंत रक्तपेशी मोजत राहतात. एक ग्रॅम विनक्रिस्टीन काढायला शेकडो किलो पाने लागतात.

म्हणजे चार पानांत औषध अगदी थोडे, हे मला मान्य आहे. पण मग फायद्याचा दावा तरी कशाच्या बळावर? आणि पायाला जखम झालेल्या मधुमेही माणसाला ज्या पांढऱ्या पेशींची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच मुळावर येणारे पान त्याने रोज उपाशीपोटी चावावे, हा कसला उपचार?

येथे काही वाचक म्हणतील, डॉक्टर लोकांना आजीबाईचा बटवा खुपतोच. तसे नाही. कडूनिंबाबद्दल मला आदर आहे. पाडव्याला मी त्याचा पाला खातो. निंबोळीत ॲझाडिरॅक्टिन नावाचे द्रव्य असते, ते १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये वेगळे काढण्यात आले. त्याने किडीची भूक मरते, अळीला कात टाकता येत नाही. निंबोळीचा पाच टक्के अर्क तर आपल्याकडच्या कित्येक शेतकऱ्यांना माहीत आहे. पाच किलो निंबोळीचा भुगा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून पिळून गाळायचा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि एकूण शंभर लिटर करून संध्याकाळी फवारायचा. कीड थोडी असतानाच तो मारला, तर एखादी विषारी फवारणी वाचते. धुऱ्यावरच्या निंबाखाली पडलेल्या निंबोळ्या पावसात कुजू देऊन आपण कृषी केंद्रात उधारी करतो, याचे मला वाईट वाटते.

पण याच निंबाचे तेल जंत पडावेत म्हणून तान्ह्या मुलाला पाजले, तर उलट्या, झापड, झटके आणि बेशुद्धी येऊ शकते. अशी मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. पानावर फवारायचे ते लेकराच्या पोटात घालायचे नाही, एवढाच याचा अर्थ.

गुळवेलीचेही तेच. करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले. मी स्वतः त्या वेळी कोणाला अडवले नाही. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. पुढे देशातील इतर ठिकाणांहूनही असे रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे असे, की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल लोकांनी घेतली असावी. वादात कोणाची बाजू खरी, हे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट दोन्ही बाजूंनी सिद्ध होते. बाजारातून पुडीत बांधून आणलेला पाला नेमका कशाचा आहे आणि त्यात किती काय आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते.

शेवटी एका झाडाबद्दल लिहायलाच हवे, कारण पऱ्हाटीवरच्या फवारणीचे दिवस आपल्याकडे दरवर्षी येतात. उकिरड्यावर वाढणारा धोतरा सर्वांनी पाहिला आहे. त्याचे बी पोटात गेले तर तोंड कोरडे पडते, बुबुळातील बाहुल्या मोठ्या होतात, नाडी धावते, माणूस बरळू लागतो. हे ज्या द्रव्यांनी होते, त्यांतले एक ॲट्रोपिन. आता फवारणीच्या विषबाधेचा रुग्ण आठवा. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाने त्याच्या तोंडातून लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी साचून घरघर लागते. पाहा, सगळे उलटे. म्हणूनच ॲट्रोपिनचे इंजेक्शन त्या विषावरचा उतारा ठरते. एका विषाने दुसऱ्या विषाला मागे ढकलायचे.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षीच्या बातम्या वाचून आमच्या गावातही फवारणीला जायला माणसे कचरत होती. ॲट्रोपिनने किती जीव वाचतात, हे ग्रामीण भागात काम केलेला कोणताही डॉक्टर सांगेल. पण ते इंजेक्शन मोजून, रुग्णाची नाडी आणि छाती पुन्हा पुन्हा तपासून, कधी कधी काही मिनिटांच्या अंतराने द्यावे लागते. त्याऐवजी धोतऱ्याचा रस पाजला, तर एका विषाचा रुग्ण दोन विषांचा होईल. शिवाय सगळ्याच कीटकनाशकांवर ॲट्रोपिन चालत नाही. म्हणून फवारताना कोणाला गरगरले, तर अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, ओकारी काढू नका, दूध-लिंबू पाजत बसू नका, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. डब्यावरचे नाव डॉक्टरला जे सांगते, ते रुग्ण सांगू शकत नाही.

माझे मत थोडक्यात असे. झाडांत औषध आहे, कारण झाडांत विष आहे. ती एकच वस्तू आहे, फरक मापाचा. हळद भाजीत चिमूटभर घालणे ही स्वयंपाकघरातली गोष्ट झाली. पण तिचे सत्त्व काढून गोळ्यांनी खाणे म्हणजे औषध घेणेच, आणि औषधाला माप लागते. ते माप ठरवण्याचे काम वैद्याचे असो वा डॉक्टरचे, शेजाऱ्याचे नव्हे आणि मोबाइलवर आलेल्या निरोपाचे तर नव्हेच. जो वैद्य शिकलेला आहे, तो पाला कोणता, किती आणि किती दिवस, हे सांगतो. "कितीही घ्या, आयुर्वेदिक आहे" असे सांगणाऱ्याला आयुर्वेदही कळलेला नसतो.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. रुग्ण आपल्यापासून काढा लपवतो, कारण आपण हसतो किंवा रागावतो. हसू नका. काकाजींच्या घटनेनंतर मी टेबलावर कागद चिकटवला आहे: "घरी आणखी काय घेता?" प्रत्येकाला विचारतो. पहिल्या आठवड्यातच कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बिया, कोणाच्या पुड्या, असे कितीतरी बाहेर आले. त्यांतले बरेचसे मी चालू ठेवायला सांगितले, फक्त गोळ्या सोडू नका, असे बजावले.

काकाजी परवा पट्टी बदलायला आले होते. काठी टेकत आले, गोळ्यांची पाकिटे खिशातून काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "मोजून पाहा जी, एकबी चुकली नाई." मग थोडे थांबून विचारले, "ते सदाफुली उपटून टाकू का?"

मी म्हणालो, "राहू द्या, काकाजी. फुले देवाला वाहा."