बिथरणारे मासे आणि घरातील ज्येष्ठ

मत्स्यपेटीपुढे बसून वृद्धांना बरे वाटते, ही केवळ भाबडी समजूत नव्हे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या एडवर्ड्स व बेक यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भोजनगृहात मत्स्यपेटी ठेवल्यावर अल्झायमरच्या रुग्णांचा आहार व वजन वाढलेले आढळले. मात्र मासे कोणते, हे पेटी विकत घेण्यापूर्वीच ठरवावे.

‘बाला शार्क’ नावाने विकला जाणारा रुपेरी मासा शार्क नव्हे. तो रोहू-कटल्याच्याच कुळातला. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा जीव फूटभर वाढतो, पाच-सहांच्या थव्यातच निर्धास्त राहतो आणि अंधारात एकाएकी दिवा लागला की काचेवर आपटतो, उसळून बाहेरही पडतो. मला चिंता माशाची कमी, रात्री ओल्या फरशीवरून त्याला उचलायला निघालेल्या आजींच्या खुब्याची अधिक. झाकण घट्ट हवे. आधी खोलीतला दिवा लावावा, मग पेटीतला.

अशा थव्यासाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद व तितकीच उंच पेटी धरली, तरी पाणीच सुमारे ६८० लिटर. यवतमाळच्या उन्हाळ्यात त्याचा चौथा हिस्सा दर आठवड्याला बदलणार कोण, आणि बादल्या उचलणार कोणाची कंबर?

त्यापेक्षा लहान पेटीत गप्पी, मॉली ठेवावेत. क्षारयुक्त पाणी त्यांना मानवते. पेटीत हात घालण्यापूर्वी विजेचे प्लग काढावेत. हाताला जखम असल्यास, विशेषतः मधुमेहींनी, पेटीची स्वच्छता दुसऱ्याकडे सोपवावी. पुढे बोटावर न भरणारी गाठ आली, तर घरी मासे असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.